तापट खेळाडूचं करायचं काय?



आठवीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. तो शाळेच्या खो-खो संघाचा कप्तान. त्याच्या संघात एक पोरगा आहे, पळायला वाऱ्यासारखा. खांबावर सूर मारून गडी टिपावा तर त्यानंच! पण सरावाला उशिरा येतो, उलटून बोलतो, परवा तर चिडून गुडघ्याची पट्टी मैदानाबाहेर भिरकावली. सर म्हणतात, काढा त्याला. अर्धा संघ म्हणतो, त्याच्याशिवाय जिंकणार कसे? "मी काय करू?" असं कप्तान विचारतोय.

अरे कप्तान, उत्तर देण्याआधी एक जुनी गोष्ट ऐक.

डिसेंबर १९३३. मुंबईचं बॉम्बे जिमखाना मैदान. आपल्या देशातली ही पहिलीच कसोटी. समोर जार्डिनचा इंग्लंड संघ. बावीस वर्षांचा लाला अमरनाथ पहिलीच कसोटी खेळत होता. दुसऱ्या डावात त्यानं ११८ धावा कुटल्या. भारतातर्फे कुणीही केलेलं ते पहिलं कसोटी शतक! लोक अक्षरशः वेडे झाले. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, असं सांगतात.

पण गडी महातापट. मनात येईल ते तोंडावर बोलायचा.

१९३६ साली आपला संघ इंग्लंडला गेला. कप्तान होते विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजे 'विझी'. पैसा आणि ओळखी भरपूर, खेळ मात्र बेताचा. तीन कसोटींत मिळून त्यांच्या धावा ३३! अमरनाथ तिकडे धावाही काढत होता, बळीही घेत होता. एका सामन्यात त्याला पॅड बांधून बसायला सांगितलं आणि एकेक करून दुसऱ्यांनाच पुढे धाडलं. दिवस संपता संपता कुठे त्याचा नंबर लागला. परत आल्यावर त्यानं सामान आदळलं आणि पंजाबीत काहीबाही पुटपुटला. झालं! पहिल्या कसोटीच्या आधीच त्याला बोटीत बसवून घरी पाठवलं.

त्याच्याविना लॉर्ड्सवर काय झालं, तेही बघ. पहिल्या डावात आपल्याला १३ धावांची आघाडी होती. म्हणजे सामना हातात होता. दुसऱ्या डावात मात्र ९३ वर सगळे बाद, आणि नऊ गडी राखून हार. अमरनाथ असता तर जिंकलोच असतो, असं मी म्हणणार नाही. पण एक भरवशाचा फलंदाज कमी होता, हे तर खरं ना?

नंतर सर जॉन ब्यूमाँट यांच्या समितीनं चौकशी केली आणि ठपका ठेवला तो विझींच्या कप्तानीवर. फलंदाजीचा क्रमसुद्धा त्यांना धड ठरवता येत नव्हता.

म्हणून काय अमरनाथ अगदी गरीब गाय होता? छे! १९४९ मध्ये क्रिकेट मंडळाशी त्याचं असं बिनसलं की बेशिस्तीच्या आरोपावरून मंडळानं त्याला निलंबित केलं. आणि १९५२ साली पाकिस्तानचा संघ आला तेव्हा कप्तान कोण? हाच तापट गडी! ती मालिका आपण २-१ नं जिंकली. भारतानं जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका.

आता तुझ्या संघाकडे येऊ. सामान आदळणं चूकच. माझ्या हाती असतं तर एक सामना बाहेर बसवलं असतं, पण बोटीत नसतं बसवलं. तुझा तो मित्र कशावर चिडतो, हे कुणी विचारलंय का त्याला? घरून उशीर होतो, की सर त्यालाच सारखे बोलतात? (पालकांनो, घरात असा एखादा जमदग्नी असेल तर तुम्हीही विचारून बघा. ओरडून नव्हे हं!)

आणि तुमच्या संघात तो दहावा मुलगा असेलच. रोज वेळेवर येतो, मैदानावर चुना मारतो, आणि सामन्यात राखीव म्हणून बसतो. तुझ्या स्टारच्या नखऱ्यांची किंमत तोच मोजतोय. त्याचं नावसुद्धा पत्रात नाही!

तेव्हा उद्या असं कर. सरावाआधी त्या रागीट गड्याला एकट्याला गाठ आणि त्याचं सगळं ऐकून घे. मग सरांना विचारून सगळ्यांसाठी एकच नियम लाव. जो उशिरा येईल तो पहिल्या डावात बाहेर, मग तो कुणीही असो. तूसुद्धा! त्या डावात दहाव्याला उतरव.

मग काय झालं ते मला लिही. आणि या वेळी पत्रात त्या दहाव्याचं नाव घाल.