जिजाऊ : हाकेचे नाव

संस्कृत मूळ सापडले नाही की नाव हलके ठरते, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. सिंदखेडराजाला १५९८ साली लखुजी जाधवांच्या घरी जन्मलेल्या कन्येचे नावही त्यातून सुटत नाही. 'जिजा'ला 'जया', 'विजया' असे कूळ चिकटवून देण्याचा मोह अभ्यासू माणसांनाही होतो. आम्हांस ही खटपट अनावश्यक वाटते, किंबहुना अन्यायाची.

'आऊ' म्हणजे आई. बखरींतील 'आऊसाहेब' ती हीच. मुक्ताई, गोणाई या नावांतली 'आई' तिची सख्खी बहीण. संतांनी तर पंढरीच्या देवालाही 'विठाई' करून टाकले. राहिला 'जिजा'. थोरल्या बहिणीला वा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला 'जिजी' म्हणणारी कुटुंबे मराठीत आहेत, आणि हिंदीतील 'जीजी' तर सर्वांच्या परिचयाची. 'जिजा' याच गोतावळ्यातली असावी, असे आमचे मत आहे. तसे असेल तर हे नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत नात्याचेच ठरते.

युरोपातील मध्ययुगीन स्लाव राजघराण्यांची रीत निराळी. मिरोस्लाव, व्लादिस्लाव अशी दोन पदे जोडलेली त्यांची नावे. त्यांतील 'स्लाव' म्हणजे कीर्ती, आपल्या वैदिक 'श्रवस्'चे भावंड. महाभारतातील भूरिश्रवा त्याच साच्यातला. तिथे पाळण्यातच पराक्रमाची मागणी नोंदवलेली असते. मध्ययुगीन मराठीने मात्र असले भरजरी सामासिक शब्द बहुधा बाजूला ठेवले. लक्ष्मणाचा लखू झाला, त्याला 'जी' जोडला की लखुजी. (यादवांचे 'जाधव'ही यात्रेची जत्रा आणि योग्याचा जोगी करणाऱ्या जिभेनेच घडवले.) आणि जावयाचे नाव? शहाजी आणि धाकटे शरीफजी या दोघांची नावे नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असे परंपरा सांगते. तिथे संस्कृत कुठून आणणार?

'राजमाता', 'राष्ट्रमाता' ही विशेषणे आदराचीच आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण १२ जानेवारीला सिंदखेडराजात जमणारा समुदाय 'जय जिजाऊ' म्हणतो, तेव्हा त्याला व्युत्पत्तिकोश उघडावा लागत नाही.

बुलढाण्यातील मराठीच्या अध्यापकांना एकच सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांकडून त्यांच्या आज्या-पणज्यांची नावे उतरवून घ्यावीत: सखू, ठकू, गोदा, धुरपता. आणि कृपा करून धुरपताची वहीत 'द्रौपदी' करू नये.