व्हॉयेजर, ते वर्ष गेलं कुठं?

प्रिय व्हॉयेजर,

तुझ्या, म्हणजे 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' मालिकेच्या, 'इयर ऑफ हेल'बद्दल लिहितोय. नोव्हेंबर 1997 मधले ते दोन भाग. त्यात काय घडलं ते तुला सांगायला नको. क्रेनिम लोकांच्या हल्ल्यांत जहाज आणि माणसं झिजवणारं ते अख्खं वर्ष तूच घडवलंस आणि तूच पुसलंस.

1995 मध्ये निघालीस तेव्हा तू आम्हाला शब्द दिला होतास. घर 70,000 प्रकाशवर्षं दूर, पोचायला 75 वर्षं, वाटेत आपलं म्हणावं असं कुणी नाही. जे जाईल ते गेलंच. फोटॉन टॉर्पेडो फक्त 38, एकही नवा मिळणार नाही, हे तूच सांगितलंस ना? मग त्याहून कितीतरी जास्त उडवलेस, आणि दर आठवड्याला जहाज पुन्हा नवं कोरं. आम्ही गप्प राहिलो. म्हटलं, कधीतरी हिशेब होईल.

आणि जहाजावरच्या त्या केसचं काय? 1997 च्याच एप्रिलमध्ये, 'बिफोर अँड आफ्टर'मध्ये, आयुष्यात मागं मागं ढकलली जाताना ती याच नरकातून गेली होती. ढाली भेदणाऱ्या क्रेनिम टॉर्पेडोला अडवायला लागणारा 1.47 मायक्रोसेकंदांचा आकडा तिनं मिळवला होता. शेवटी क्रेनिमबद्दलचा अहवाल लिहायला ती उठली, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला होता. कुठं गेला तो अहवाल? काही महिन्यांतच तोच आकडा त्याच जहाजावरच्या सेव्हनला नव्यानं शोधावा लागतो आणि केसनं सावध केलं होतं, हे कुणालाही आठवत नाही?

तरीही ते दोन भाग सुरू झाले आणि आम्ही सगळं विसरलो. कारण अखेर तू शब्द पाळत होतीस. सेव्हनला वाचवताना सुरक्षा अधिकारी टुवॉकचे डोळे गेले, आणि ती त्याला धरून चालवू लागली. मागं माणसं आहेत हे माहीत असूनही डॉक्टरला दार बंद करावं लागलं. उपकप्तान चकोटेनं वाढदिवसाला दिलेलं घड्याळ कॅप्टन जेनवेनं परत केलं, कारण तेवढ्या ऊर्जेत कुणाचं जेवण झालं असतं, कुणाला बूट मिळाले असते. पुढं तेच घड्याळ तिनं जवळ बाळगलं. चेहरा भाजलेली, कुणाचं ऐकून न घेणारी ती कॅप्टन मला आजही खरी वाटते. तुझ्या सातही पर्वांत इतकी खरी ती क्वचितच होती.

मग तिनं जहाज क्रेनिम ॲनोरॅक्सच्या, इतिहास बदलणाऱ्या काळनौकेवर घातलं, आणि सगळं पहिल्या दिवसावर आलं. क्रेनिम अधिकारी म्हणतो, हा भाग वादातला आहे, वळून जा. जेनवे आभार मानून वळते. संपलं!

काळनौका नष्ट झाली की तिनं केलेले बदलही पुसले जाणार, हे गणित चोख आहे. मेलेले परत आले याचं मला दुःख कसं असेल? पण एकाच्याही मनात काही उरू नये? तुझ्याच घराण्यात, मूळ 'स्टार ट्रेक'मध्ये, 1967 साली कॅप्टन कर्कनं इतिहास वाचवण्यासाठी आपल्या प्रिय एडिथ कीलरला मरू दिलं. इतिहास जागेवर आला, पण ते ओझं घेऊनच तो परतला. म्हणून तो भाग अजून टोचतो.

तुझ्या भागात हे ओझं कुणाकडं होतं, ठाऊक आहे? ॲनोरॅक्सकडं. गमावलेल्या बायकोच्या केसांची बट जपत तो 200 वर्षं झुरला. ज्यानं अख्ख्या संस्कृती काळातून खोडल्या, त्याला तू आठवण दिलीस. जेनवेला का नाही? आंधळ्या टुवॉकसोबत चाललेल्या सेव्हनला का नाही? त्या दोघांमध्ये जे उगवलं होतं, ते तुला इतकं स्वस्त वाटलं?

2001 मध्ये, 'एंडगेम'मध्ये, पुन्हा तोच मार्ग धरलास. 23 वर्षांचा प्रवास म्हातारी जेनवे भविष्यातून येऊन सातावर आणते. सेव्हनचा मृत्यू, टुवॉकचं ढळलेलं मन, सारं टळलं. बरं झालं. पण पृथ्वी समोर दिसली आणि तू पडदा पाडलास. जहाजातून कुणी उतरलं नाही, कुणाची आई भेटली नाही.

आणि ज्या माकी बंडखोरांना पकडायला तुझं हे स्टारफ्लीटचं जहाज निघालं होतं, ते सात वर्षं त्याच गणवेशात राबले. घरी पोचल्यावर त्यांना माफी मिळाली की कोठडी? निदान एवढं तरी सांगून जायचं होतंस.