ताळेबंद कोण वाचणार?

वर्तमानपत्रातील अर्थवृत्तांचे पान सर्वसामान्य वाचक बहुधा न वाचताच उलटतो. ठेवी, तूट, व्याजदर हे पैसेवाल्यांचे विषय, अशी त्याची समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, हे रायगडच्या किनारपट्टीला वेगळे सांगावयास नको. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. तपासात बनावट कर्जखात्यांचा प्रकार पुढे आला. मासळी विकून, भातशेती करून गाठीला बांधलेली ती पुंजी होती.

या पार्श्वभूमीवर डॉ. डी. के. रांगणेकर यांच्या कारकिर्दीचे स्मरण उद्बोधक ठरावे. ६ मार्च १९६१ रोजी मुंबईत ‘इकॉनॉमिक टाइम्स’ सुरू झाला. पी. एस. हरिहरन यांच्यानंतर १९६४ मध्ये रांगणेकर त्याचे संपादक झाले आणि १९७९ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. भारतातील दारिद्र्य आणि भांडवलाचा विकास या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. दारिद्र्याचा अभ्यासक व्यापारउदिमाच्या दैनिकाच्या संपादकपदी बसावा, ही घटना अर्थपूर्ण होती. त्यांचा काळही वादळी होता. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये आणीबाणीसोबत वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले. अशा दीड दशकात रोज आकड्यांचा अर्थ लावणे हे व्रतस्थ वृत्तीचेच काम.

परंतु ते दैनिक इंग्रजी होते. पेणच्या ठेवीदारापर्यंत ते पोहोचणार कसे? वस्तुतः याच पेणने मराठीला भाऊ महाजनांसारखा संपादक दिला. १८४१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘प्रभाकर’मधून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध झाली, आणि देशाचा व्यापार व दारिद्र्य यांची चर्चा मराठी वाचकाच्या घरात गेली. तो वारसा आपण पुढे किती नेला?

ठेव विम्याची मर्यादा २०१० मध्ये एक लाख रुपये होती. २०२० मध्ये ती पाच लाख झाली. हे स्वागतार्ह आहे. मात्र विमा बुडाल्यानंतर हात देतो, बुडण्यापूर्वी हाक देत नाही. ती हाक देणे हे वृत्तपत्राचे काम आहे. गावच्या पतपेढीचा लेखापरीक्षण अहवाल वाचणारा, थकीत कर्जाचा आकडा सोप्या मराठीत सांगणारा आणि संचालकांच्या जाहिरातीपुढे न वाकणारा पत्रकार तालुक्यातालुक्यात हवा. सभासदांनीही वार्षिक सभेला केवळ अल्पोपाहारासाठी न जाता ताळेबंद मागून घ्यावा, प्रश्न विचारावेत. सहकार विश्वासावर चालतो हे खरे. पण डोळे मिटून ठेवलेल्या विश्वासाची किंमत पेणने मोजली आहे. ती पुन्हा कोणत्या गावावर मोजण्याची वेळ येऊ नये.