हरवलेल्या लेकराचा पत्ता

घरात चार मुले उरली म्हणून पाचव्याच्या हरवण्याचे दुःख पाचव्या हिश्श्याने कमी होत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगावी लागू नये. परंतु गरिबांच्या बाबतीत ती पुनःपुन्हा सांगावी लागते. ॲमांडा पीटर्स या लेखिकेची ‘द बेरी पिकर्स’ ही २०२३ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी हेच सांगते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी ती अवश्य वाचावी असे मला वाटते.

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील मिकमॅक आदिवासींचे एक कुटुंब उन्हाळ्यात सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या मेन राज्यात ब्लूबेरीची फळे खुडावयास जाते. १९६२ सालच्या उन्हाळ्यात शेताच्या कडेला खडकावर बसलेली त्यांची चार वर्षांची रूथी नाहीशी होते. तिला अखेरचे पाहणारा भाऊ जो अवघा सहा वर्षांचा. ते ओझे तो जन्मभर वाहतो. पोलीस येतात, परंतु ही मंडळी फिरस्ती, येथली नव्हेत, एवढ्या सबबीवर शोधाचे काम टाळले जाते. शोधतात ती घरचीच माणसे.

रूथी मात्र जिवंत असते. त्याच राज्यातील एका सुखवस्तू घरात ती नॉर्मा या नावाने वाढते. अनेकदा गर्भपाताचे दुःख सोसलेली तिची नवी आई तिच्यावर जिवापाड माया करते, आणि भीतीपोटी तिला नजरेआड होऊ देत नाही. येथे आपल्याला देवकी-यशोदेची आठवण होणे साहजिक आहे. पण वसुदेवाने आपल्या हातांनी बाळ गोकुळात नेले होते. रूथीच्या आईने तिला कोणाच्या ओटीत घातले नव्हते. म्हणून मायेने वाढविले एवढ्याने चोरीचे पाप फिटत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुःखी स्त्रीविषयी आपल्याला करुणा वाटावी. परंतु त्या करुणेत खऱ्या आईचा हक्क बुडू नये.

‘मुलाचे भलेच झाले’ हा युक्तिवाद केवळ एका घरापुरता नव्हता. कॅनडात सरकार व चर्च यांनी मिळून सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना निवासी शाळांत ठेवले, तेही त्यांना सुधारण्याच्या नावाखाली. मिकमॅक मुलांसाठी नोव्हा स्कॉशियातील शुबेनाकाडी येथे अशी शाळा १९३० पासून १९६७ पर्यंत चालली. मुलांची भाषा तोडली गेली; कित्येक घरी परतलीच नाहीत. २०१५ साली सत्यशोधन आयोगाच्या अहवालाने ही हकीकत देशापुढे मांडली. रूथीची कथा या इतिहासाच्या सावलीत वाचली म्हणजे तिच्या घरच्यांची वेदना अधिक कळते.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपल्या गंगवाल बसस्थानकावर जाऊन पाहावे. झाबुआ, अलीराजपूर, धार येथील भिल्ल व भिलाला कुटुंबे कडेवर लेकरू व डोक्यावर गाठोडे घेऊन मजुरीसाठी उतरतात, आणि होळीपूर्वी भगोरियासाठी गावाकडे परततात. बांधकामाच्या जागी त्यांची मुले वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळतात. त्यांच्यातील एखादे दिसेनासे झाले, तर ‘यांचा पत्ता तरी कोठला?’ असा प्रश्न आपल्याकडेही ऐकू येईल. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये यासंबंधी आदेश दिला: मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीची गुन्हा म्हणून नोंद व्हावी आणि अपहरण वा मानवी व्यापार झाला असावा असे धरून तपास सुरू करावा. त्यात कायम पत्त्याची अट नाही. परंतु आदेश कागदावरून चौकीपर्यंत पोहोचविण्यास बोलणारा माणूस लागतो, आणि परक्या शहरात बिचकलेल्या आईबापांना असा माणूस क्वचितच भेटतो.

माझी मातृभाषा कोंकणी. वर्गात मी मराठी शिकवते आणि बाजारात हिंदी बोलते. तरी घरी कोणत्या नावाने हाक मारीत, हे मला ठाऊक आहे. नॉर्माकडून हेच हिरावले गेले. तिला उरली केवळ अस्वस्थ करणारी स्वप्ने.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, शेजारच्या बांधकामावरील मुलाला ‘ए छोकऱ्या’ म्हणू नका. त्याचे नाव विचारा, गाव विचारा, त्याच्या बोलीत आईला काय म्हणतात तेही विचारा. बालकांच्या मदतीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक पाठ करा. आणि उद्या कोणी मजूर आई रडत रस्त्यात उभी दिसली, तर वडीलधाऱ्यांना बोलावून आणा व तिच्याबरोबर चौकीपर्यंत जा.