थाळी जैन, पण पाय कुठे ठेवलात?



परवा आमच्या महिला मंडळाचा निरोप मोबाईलवर आला. येत्या जानेवारीत अंदमानची सहल, सहा रात्री, सात दिवस. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘संपूर्ण जैन भोजन. कांदा, लसूण, बटाटा नाही. आपला आचारी सोबत. सूर्यास्ताआधी जेवण. बोटीवरही गाळलेलं पाणी. अहिंसक सहल!’ लगेच सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी काहीच टाकलं नाही. संध्याकाळी अध्यक्षबाईंचा फोन आला, “काकू, तुम्ही गप्प का? तुम्ही तर जाऊन आलात.”

जाऊन आले म्हणूनच गप्प होते. पण गप्प राहणं हीसुद्धा एक अनुमोदनाच असते, म्हणून आता लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं आणि वन्सं अशाच एका सहलीबरोबर गेलो होतो. पहिल्या दिवशी वंडूरहून बोटीने जॉली बॉय बेटावर. हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. १९८३ साली झालेलं हे उद्यान पंधरा बेटांचं आहे. तिथली शिस्त पाहून मी चकित झाले. बोटीत चढण्याआधीच पिशव्या तपासतात, प्लास्टिक नेऊ देत नाहीत. बेटावर दुकान नाही, मुक्काम नाही. खारफुटीच्या खाडीतून बोट तासभर जाते आणि मग काचेच्या तळाच्या छोट्या होडीत बसवतात.

त्या काचेतून जे दिसलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे, सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या, जाड निळसर ओठांचा भला मोठा शिंपला, चोचीने खडक खरवडणारे हिरवे-निळे पोपटमासे. वन्सं हळूच म्हणाल्या, “वहिनी, हे तर समवसरणच की गं!” मला हसू आलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. इतक्या जातींचे जीव एका जागी, आपापल्या ठिकाणी बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

चूक दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती माझ्याकडून झाली. दुसऱ्या एका किनाऱ्यावर सहलवाल्यांनी आम्हाला मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पाण्यात उतरवलं. मला पोहता येत नाही. नाकातोंडात पाणी गेलं, मी घाबरले. रबरी चाक धरून नेणारा मुलगा म्हणाला, “आंटी, पत्थर है, खडे हो जाओ.” मी उभी राहिले. पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. घोट्याला खरचटलं. माझ्या शेजारी आमच्याच सहलीतल्या आणखी तिघी अशाच उभ्या होत्या, फोटो काढून घेत होत्या.

संध्याकाळी हॉटेलात आचाऱ्याने वरणफळं केली होती. सूर्य बुडायच्या आत जेवून आम्ही णमोकार मंत्र म्हटला आणि समाधानाने झोपलो. दिवसभरात एकही जीव मारला नाही, असंच प्रत्येकीला वाटत होतं.

घरी आल्यावर माझ्या पुतणीने, ती प्राणिशास्त्र शिकते, मला समजावलं. आपण ज्याला पत्थर म्हणालो ती प्रवाळांची वस्ती. त्यात शेकडो-हजारो इवले प्राणी असतात, प्रत्येकाला तोंड, तोंडाभोवती बारीक बोटं. चुन्याचं घर ते स्वतः बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हातून अन्न करतं आणि यांना देतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. फार दिवस तसंच राहिलं तर मरतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं. म्हणजे मी नुसती जिवावर उभी नव्हते, आजाऱ्याच्या अंगावर उभी होते.

आता कोणी म्हणेल, काकू, शास्त्रात प्रवाळ पृथ्वीकायात मोजलंय. खरं आहे. माती, वाळू, मीठ, रत्नं यांच्या यादीत प्रवाळही येतं. विज्ञान त्याला प्राणी म्हणतं. या दोन्हींचा मेळ घालणं माझ्या बुद्धीचं काम नाही, ते विद्वानांनी करावं. पण मला एवढं कळतं, की दोन्हीकडे उत्तर एकच आहे : तो जीव आहे. ‘तो तर दगड’ असं म्हणायची मुभा ना शास्त्र देतं, ना विज्ञान. बटाट्यात अनंत जीव आहेत म्हणून ताटातून काढणारी मी, डोळ्यांना दिसणाऱ्या जिवांवर पाय देऊन फोटोसाठी हसले.

दुसरी गोष्ट माशांना पाव टाकण्याची. आमच्या बोटीवर एकीने पावाचे तुकडे वाटले. “टाका गं, जीवदया आहे, पुण्य लागेल.” मासे झुंबडीने आले, सगळ्या खूश. मैत्रिणींनो, ही दया नाही, हा आपला खेळ आहे. कित्येक मासे प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवतात. त्यांना पावाची चटक लावली की ते काम राहतं. समुद्रातल्या माशाचं पोट मैद्यासाठी नाही. पांजरपोळातल्या गाईला चारा घालणं वेगळं, तिला दुसरं कोणी नाही. या माशाला तर समुद्र आहे.

तिसरी गोष्ट शंखशिंपल्यांची. लहानपणी पाठशाळेत दोन इंद्रियांच्या जिवांची उदाहरणं विचारली, की पहिलं उत्तर काय द्यायचो? शंख! आणि बाजारात आम्ही काय घेतलं? शंख! तेच शंख, चकचकीत, पावतीसह. दुकानातला चकचकीत शंख बहुतेक वेळा जिवंत प्राणी काढूनच मिळतो. किनाऱ्यावर आपोआप आलेला सहसा उन्हावाऱ्याने पांढरा पडलेला, झिजलेला असतो. खडकबांधणी करणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कायद्याला जे कळलं ते आपल्याला कळायला हवं होतं, आपण तर अडीच हजार वर्षं आधी सुरुवात केली होती.

मी बी.कॉम. झालेली बाई आहे, म्हणून हिशेबाने सांगते. गोल खडकासारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मुठीएवढा तुकडा मोडला तर सात-आठ वर्षांचं काम गेलं. आपण सहलीचे पैसे भरतो म्हणजे आपल्याला वाटतं, खर्च चुकता झाला. पण तिकिटात बोटीचं डिझेल आहे, आचाऱ्याचा पगार आहे, मोडलेल्याची भरपाई कुठल्याच रकान्यात नाही. भांडवल खाऊन नफा दाखवणाऱ्या दुकानाला आमचे सर दिवाळखोर म्हणायचे.

आता सगळ्यात टोचणारं. शिखरजी आठवतं? सम्मेदशिखर पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये आपण देशभर रस्त्यावर उतरलो. मीही मोर्च्यात चालले, गुडघे दुखत असताना. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली, आपण पेढे वाटले. तेव्हा आपण काय म्हणत होतो? की मौजेसाठी येणाऱ्यांना जागेचं पावित्र्य कळत नाही, ते पाय कुठे ठेवतात ते बघत नाहीत. बरोबर म्हणत होतो. मग अंदमानात आपण कोण होतो? आपला डोंगर पवित्र आणि त्या जिवांचं घर सहलीचं मैदान, हा कुठला न्याय?

अध्यक्षबाई फोनवर म्हणाल्या, “काकू, असं म्हटलं तर नांगर धरता येणार नाही, चूल पेटवता येणार नाही.” याचं उत्तर आपल्या आचार्यांनी आधीच दिलंय. गृहस्थाला स्वयंपाकात, शेतीत, धंद्यात होणारी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, तिथे जपून वागायचं. पण ज्याने काही साधत नाही अशी उगाचची हिंसा, तिला अनर्थदंड म्हणतात आणि ती सोडण्याचं गृहस्थाचं स्वतंत्र व्रत आहे. त्याच्याच शेजारी दिग्व्रत आहे : मी या दिशेला एवढ्याच अंतरापर्यंत जाईन. लहानपणी मला वाटायचं, यात काय धर्म? आता कळतं. माणूस जिथे जातो, तिथे त्याचे पाय जातात.

दुसरा आक्षेप, तिथल्या बोटवाल्यांनी खायचं काय? हा खरा प्रश्न आहे, मी तो उडवून लावणार नाही. त्या मुलाचा दोष मी धरत नाही. दिवसभर आमच्यासारख्या पोहता न येणाऱ्या बायकांना बुडू न देणं, हे त्याचं काम. म्हणून मी ‘जाऊच नका’ म्हणत नाही. काचेच्या होडीतून बघा, त्याला चांगले पैसे द्या. दोष पोहता येत नसताना पाण्यात उतरण्याच्या हौसेचा आहे.

तिसरा आक्षेप कोणी तोंडावर बोललं नाही, पण मला ऐकू आला : स्वतः मजा करून आली आणि आता आम्हाला सांगते. मान्य. मी सांगतेय ते पापभीरू म्हणून नाही, चूक केलेली म्हणून सांगतेय. तुम्हाला ती करायची गरज नाही.

म्हणून मंडळापुढे माझी मागणी सरळ आहे. जाणाऱ्या प्रत्येकीने निघण्यापूर्वी मंदिरात नियम घ्यावा. पोहता येत नसेल तर पाण्यात उतरणार नाही, काचेतून बघेन. प्रवाळावर पाय ठेवणार नाही, हात लावणार नाही. माशांना काही टाकणार नाही. शंख, शिंपला, पोवळं, काही विकत घेणार नाही. उन्हासाठी मलम थापण्यापेक्षा लांब बाह्यांचे कपडे घालेन, कारण काही मलमांतली रसायनं प्रवाळाला घातक मानली जातात आणि हवाई बेटांवर २०२१ पासून त्यांची विक्रीही बंद आहे. आणि एवढं जमणार नसेल तर निरोपातला ‘अहिंसक’ हा शब्द तेवढा काढून टाका. ‘जैन भोजनासह सहल’ म्हणा, ते खरं आहे.

माझी आजी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्याने गाळायची. गाळल्यावर फडक्यात राहिलेले न दिसणारे जीव ती पाण्याने धुऊन, कळशी तळापर्यंत सोडून, त्याच विहिरीत परत पोचवायची. दुसऱ्या विहिरीत नाही, त्याच. “त्यांचं घर तिथं आहे,” म्हणायची. मी अंदमानहून आणलेला शंख माझ्या काचेच्या कपाटात आहे. त्याचं घर कुठल्या किनाऱ्यावर होतं, पावतीवर लिहिलेलं नाही.

रविवारी मंडळाच्या बैठकीला मी तो शंख घेऊन येणार आहे. बोलायचं ते तिथे बोलू.

कळत नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. मागणी मात्र मागे घेत नाही.