लंडनला गेलात तर काय विचाराल?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, "काय काय पाहिलेत?" मग तो राजवाडा, थेम्सवरचा पूल, बिग बेनचे घड्याळ अशी नावे सांगतो, छायाचित्रे दाखवतो आणि आपण खूश होतो. माझ्या मते हा प्रश्नच चुकतो. "काय विचारून आलात?" असे विचारायला हवे. असे का म्हणतो, ते आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका प्रवाशाची हकिगत ऐकलीत म्हणजे कळेल.

१८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी मुंबईहून आगबोटीने लंडनला निघाले आणि १ एप्रिलला परत आले. जरा हिशेब करा. १९१२ हे लीप वर्ष होते, म्हणजे जाऊन येऊन ६० दिवस. लंडनमध्ये मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा. उरलेले ४६ दिवस वाटेतच गेले, प्रत्येक खेपेला सुमारे २३! आज मुंबईहून विमान नऊ-दहा तासांत तेथे पोचते. एवढा प्रवास, तोही विम्याची पॉलिसी गहाण ठेवून काढलेल्या पैशावर. बरोबर प्रश्न एकच: चित्रपट तयार कसा करतात? रिकाम्या हाताने परतणे त्यांना परवडणारे नव्हते.

त्या वेळचे लंडन नवख्या माणसाला गुंगवून टाकील असेच होते. तेथील सर्वांत मोठ्या बस कंपनीने आदल्याच ऑक्टोबरात घोड्यांच्या बसगाड्या बंद करून मोटारबस रस्त्यावर आणल्या होत्या. त्याच महिन्यात अर्ल्स कोर्ट या भुयारी स्थानकात सरकते जिने सुरू झाले होते. जमिनीखालून विजेच्या गाड्या धावत होत्या. हे शक्य झाले त्याचे एक कारण मातीत आहे. लंडनच्या पोटात चिकणमातीचा जाड थर आहे. ती कापायला सोपी आणि पाणी सहसा झिरपू न देणारी. आपल्या नाशिकच्या काळ्या पाषाणात तसे बोगदे खणणे किती जिकिरीचे झाले असते! एखाद्याने दोन आठवडे नुसत्या या गाड्यांतून फिरण्यात घालवले असते, तरी मी त्याला दोष दिला नसता.

फाळक्यांना मात्र पिकॅडिली सर्कसच्या परिसरात एक पाटी दिसली, 'बायोस्कोप' साप्ताहिकाची. हे साप्ताहिक ते घरी वाचत असत. त्या पाटीखालून रोज किती माणसे जात असतील! फाळके आत शिरले आणि संपादक कॅबर्न यांना भेटले. इंग्लंडमध्येच कित्येक निर्माते बुडाले आहेत, असे सांगून कॅबर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच केले. पण पाहुण्याची तयारी पाहून सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांचा स्टुडिओ वॉल्टनला, म्हणजे शहराबाहेर सुमारे २५ किलोमीटरवर. तेथील सर्व विभाग आणि प्रत्यक्ष चित्रण फाळक्यांना पाहायला मिळाले. मग त्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली, आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही मागवले.

हे यंत्र कशाला? फिल्मच्या कडेची भोके दात्यांत अडकतात, म्हणून ती कॅमेऱ्यातून सारख्या अंतराने पुढे सरकते. कच्च्या फिल्मला ती नसत. एका फुटात १६ चित्रे, प्रत्येक चित्राला एका कडेला चार भोके, दोन्ही कडा धरून आठ. म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. गुणाकार करा; पावणेपाच लाखांच्या आसपास उत्तर येईल! तीही अंधारात पाडायची, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम पुढे सरस्वतीबाई फाळके शिकल्या. (चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव फार बारीक टाइपात छापले जाते, असे मला नेहमी वाटते.)

आज तुम्ही पिकॅडिलीला उतरलात तर? पाण्याविषयी कुतूहल असेल, तर जवळच ब्रॉडविक स्ट्रीटवर दांडा नसलेला एक पंप आहे. १८५४ च्या पटकीच्या साथीत जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे नोंदवून दोष पंपाच्या पाण्यात आहे असे दाखवले. त्याची ती आठवण. विजेविषयी असेल, तर रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात मायकेल फॅरेडेची प्रयोगशाळा जपून ठेवली आहे. दोन्ही ठिकाणे पायी दहा-पंधरा मिनिटांवर. कुतूहल घरी ठेवून गेलात, तर तेथे दुकानांच्या दिव्यांच्या जाहिराती आहेतच.

कोणी म्हणेल, सहलीत थोडी मौजही हवी. हवीच! बिग बेन जरूर पाहा. पण आमच्या शाळांच्या सहलींत दिवसाला सहा ठिकाणे 'उरकतात', तेव्हा मौजही होत नाही आणि माहितीही मिळत नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. तेथून परतणाऱ्या मुलांना फिल्मच्या भोकांविषयी विचारून पाहा.

लंडनहून परतल्यावर फाळक्यांनी लगेच मोठा चित्रपट काढला नाही. एका कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला आणि अंकुर वाढत असताना ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. सुमारे महिन्याभराची ही वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ती पाहून चित्रपटाला भांडवल देणारी माणसे पुढे आली.