८५ लाख कॉम्प्युटर एका फाईलने आडवे केले, तरी टेक कंपन्या शीत दाबून का बघत नाहीत?

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या हातात इंडिगोचा चक्क पेनाने भरलेला बोर्डिंग पास आला. त्याने फोटो टाकला आणि तो बघता बघता सगळीकडे फिरला. लोकांनी हसून घेतलं, पण विमानतळावर उभ्या असलेल्यांना हसायला सवड नव्हती. त्या दिवशी एकट्या इंडिगोने जवळपास २०० फेऱ्या रद्द केल्या. परदेशात तर हॉस्पिटलांनी ऑपरेशन पुढे ढकलली आणि टीव्ही चॅनेलचं प्रक्षेपण थांबलं.

मीम्स यथावकाश जुने झाले. पण या सगळ्यामागे जी सवय होती, ती काही जुनी झाली नाही. पुढच्या दीड वर्षात तिने आणखी दोनदा इंटरनेट पाडून दाखवलं. म्हणून हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं.

नेमकं झालं काय होतं?

क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतली सायबर सुरक्षा कंपनी. तिचं 'फाल्कन' हे सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्या आपल्या कॉम्प्युटरवर राखणदार म्हणून बसवतात. राखणदाराला सगळीकडे नजर ठेवता यावी म्हणून त्याला विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जागा दिलेली असते. घरातल्या खोलीत कुणी चक्कर येऊन पडलं तर घर उभंच राहतं, पण पायाचा खांबच कोसळला तर घर बसतं. कर्नल म्हणजे तो खांब.

त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने विंडोजवाल्या ग्राहकांना एक छोटी फाईल पाठवली. नाव 'चॅनेल फाईल २९१'. नव्या प्रकारचे हल्ले कसे ओळखायचे, याची माहिती त्यात होती. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर या माहितीत २० रकाने आहेत असं धरून चाललं होतं. नव्या फाईलला २१ वा रकाना तपासायचा होता. सॉफ्टवेअर नसलेला २१ वा रकाना शोधायला गेलं आणि मेमरीतल्या भलत्याच जागी हात घालून बसलं. कर्नलमध्ये अशी आगळीक झाली की विंडोज एकच करतं, निळा स्क्रीन दाखवून मान टाकतं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की तीच फाईल पुन्हा वाचली जाणार आणि पुन्हा निळा स्क्रीन.

कंपनीने ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली. पण तोपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख मशीन बंद पडल्या होत्या. जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या हे १ टक्क्याहूनही कमी. पण ही मशीन विमानतळ, हॉस्पिटल आणि बँकांत बसलेली होती. शिवाय बिघडलेली फाईल इंटरनेटवरून गेली असली तरी दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवरून होत नव्हती. आयटीवाल्यांना एकेका मशीनसमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाईल हाताने उडवावी लागली. क्लाउडच्या युगात जग पेनड्राइव्ह घेऊन पळत होतं.

त्या दिवशी तुम्ही फॉरवर्ड केलेलं किती खरं होतं?

'मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर डाऊन' हे पहिलं फॉरवर्ड. चूक मायक्रोसॉफ्टच्या अपडेटची नव्हतीच, पण निळ्या स्क्रीनवर नाव विंडोजचं असल्यामुळे शिव्या तिकडे गेल्या. 'मोठा सायबर हल्ला झाला' हे दुसरं. तोही नव्हता. हल्ल्यापासून वाचवायला ठेवलेल्या राखणदाराचाच धक्का लागला होता.

तिसरं सगळ्यात लाडकं. अमेरिकेतली साउथवेस्ट एअरलाइन्स म्हणे अजून १९९२ चं विंडोज ३.१ वापरते, म्हणून वाचली! या दाव्यात तथ्य नव्हतं. पण 'जुनं ते सोनं' हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं, त्यामुळे ही गोष्ट बोर्डिंग पासच्या फोटोइतकीच फिरली.

मग इतकी मोठी चूक कुणाला दिसली कशी नाही?

खरी मेख इथे आहे. सॉफ्टवेअर कंपन्या दोन प्रकारचे बदल पाठवतात. पहिला कोड, म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्राम. त्याच्या चाचण्या होतात, तो आधी थोड्या मशीनवर जातो, मग हळूहळू सगळीकडे. दुसरा प्रकार म्हणजे डेटा किंवा कॉन्फिगरेशन. याद्या, नियम, सेटिंग. 'हा काही प्रोग्राम नाही, नुसती माहिती आहे' असं म्हणून त्याला वेगळ्या दाराने सोडलं जातं.

सोसायटीच्या गेटवर पाहुण्याला वहीत नाव, फ्लॅट नंबर, वेळ सगळं लिहायला लावतात. दूधवाला मात्र रोजचा म्हणून सरळ आत जातो. कॉन्फिगरेशन फाईल हा टेक कंपन्यांचा दूधवाला आहे.

क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत हे फारच ठसठशीत दिसलं. काही ग्राहकांनी मुद्दाम सावध धोरण घेतलं होतं. नवीन व्हर्जन आलं की आपण एक-दोन व्हर्जन मागे राहायचं, आधी इतरांचं काय होतं ते बघायचं, अशी सोय कंपनीच देत होती. ही सोय फक्त सॉफ्टवेअरच्या व्हर्जनला होती. चॅनेल फाईल सगळ्यांना एकदमच जायची, त्यामुळे सावध राहिलेलेही आडवे झाले. पाठवण्याआधी फाईल तपासणारा प्रोग्राम होता, पण त्यातच चूक होती आणि त्याने फाईल पास केली.

शितावरून भाताची परीक्षा करायची असते, हे आपल्याकडे पहिल्यांदा कुकर लावणाऱ्यालाही माहीत असतं. इथे शीत न दाबता अख्खी पंगत वाढली गेली. फाईल आधी शंभर-दोनशे मशीनवर पाठवून दहा मिनिटं थांबलं असतं, तर बातमी फार तर 'शंभर कॉम्प्युटर बंद पडले' एवढीच झाली असती, आणि तीही कुणी छापली नसती.

यात आणखी एक योगायोग आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची एक आवश्यक फाईल व्हायरस समजून पकडली आणि जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले. तेही प्रोग्रामचं अपडेट नव्हतं, व्हायरसच्या यादीचं होतं. तेव्हा मॅकॅफीचे चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर होते जॉर्ज कर्ट्झ. पुढच्याच वर्षी त्यांनी क्राउडस्ट्राइकची स्थापना केली आणि २०२४ मध्ये तेच तिचे सीईओ होते.

बरं, यातून बाकीच्यांनी धडा घेतला का?

१८ नोव्हेंबर २०२५. भारतात संध्याकाळचे पाच वाजत आले होते. एक्स उघडेना, चॅटजीपीटी उघडेना. वेबसाईट बंद आहे का हे सांगणारी डाउनडिटेक्टर ही वेबसाईटही अडखळली. कारण या सगळ्यांच्या पुढ्यात क्लाउडफ्लेअर ही एकच कंपनी उभी होती. वेबसाईट आणि आपण यांच्या मधे राहून ती गर्दी सांभाळते आणि हल्ले अडवते. जगातल्या साधारण २० टक्के वेबसाईट तिच्या भरवशावर आहेत.

कारण काय निघालं? एक फाईल! येणारी भेट माणसाची आहे की बॉटची हे ओळखायला क्लाउडफ्लेअर वैशिष्ट्यांची एक यादी वापरते. दर पाच मिनिटांनी ती नव्याने तयार होऊन जगभर जाते. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल केल्यामुळे यादीत त्याच त्या ओळी पुन्हा येऊ लागल्या आणि फाईल फुगली. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला २०० ची मर्यादा होती. रोजचा वापर ६० च्या आसपास, त्यामुळे ठेवताना ती भरपूर वाटली असणार. मर्यादा ओलांडल्यावर सॉफ्टवेअरने जुन्या यादीवर काम चालू ठेवायला हवं होतं. ते कोसळलंच. २० च्या जागी २१ झाले तेव्हा जे घडलं, तेच २०० च्या पुढे गेल्यावर घडलं.

गंमत म्हणजे कंपनीलाही सुरुवातीला हल्लाच वाटला. दर पाच मिनिटांनी कधी चांगली, कधी वाईट फाईल तयार होत असल्यामुळे सेवा चालू-बंद होत होती. त्यात क्लाउडफ्लेअरचं स्टेटस पेज, जे त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेवर नाही, तेही निव्वळ योगायोगाने त्याच वेळी बंद पडलं. बहुतेक सेवा रात्री आठच्या सुमाराला पूर्ववत झाली.

कंपनीने माफी मागितली आणि सुधारणा जाहीर केल्या. मग तीन आठवडेही झाले नाहीत तोच ५ डिसेंबरला, शुक्रवारी दुपारी सव्वादोनला, क्लाउडफ्लेअर पुन्हा साधारण २५ मिनिटं गडगडलं. भारतात शेअर बाजार चालू होता. झिरोधा, ग्रो अशा अ‍ॅपवर लोक अडकले. बाजार खाली-वर होताना आपले शेअर विकता न येणं ही २५ मिनिटं किती लांब असतात, हे ज्याचे पैसे लागलेले असतात त्यालाच कळतं. यावेळीही बदल गेला होता कॉन्फिगरेशनच्याच दाराने, काही सेकंदांत जगभर. टप्प्याटप्प्याने सोडण्याची सोय त्या दाराला नव्हती. ती करण्याचं काम अजून पूर्ण झालेलं नाही, अशी कबुली कंपनीनेच दिली.

मग सगळं हळूहळूच पाठवावं ना?

इथे कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ५ डिसेंबरचा तो खटाटोप कशासाठी होता? रिअ‍ॅक्ट या लोकप्रिय वेब तंत्रज्ञानात एक गंभीर भोक सापडलं होतं आणि ग्राहकांना त्यापासून वाचवायचं होतं. चोर काही 'तुमचं टेस्टिंग होऊ द्या, मग येतो' म्हणत नाही.

उशिराची किंमत महाराष्ट्रानेही पाहिली आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला युक्रेनमधून सुटला आणि मर्स्क कंपनीच्या यंत्रणेतून थेट न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरात पोचला. तिथल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. हा हल्ला पसरायला वापरलेल्या वाटांपैकी एक वाट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, त्यांना फटका बसला.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की नॉटपेट्या मुळात सुटला तोच युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे एकाच दिवशी अपडेट न टाकणारेही बुडाले आणि टाकणारेही. प्रश्न घाई की सावकाशी एवढा सोपा नाही. पण जगभर एकदम आणि अजिबात नाही, या दोन टोकांच्या मधे दहा मिनिटांचा एक थांबा बसतो, आणि तो बसवायला पैसा आणि मेहनत लागते. वाद त्या दहा मिनिटांचा आहे.

नुकसान कुणाच्या खिशातून जातं?

डेल्टा एअरलाइन्सने २०२४ च्या त्या गोंधळात पाच दिवसांत सुमारे ७,००० फेऱ्या रद्द केल्या, ५० कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचं सांगितलं आणि क्राउडस्ट्राइकला कोर्टात खेचलं. मोठी कंपनी कोर्टात जाऊ शकते. रात्रभर विमानतळावर बसलेला प्रवासी किंवा ऑपरेशनची तारीख हुकलेला रुग्ण क्राउडस्ट्राइकचा ग्राहकच नसतो. ज्या कंपनीचं नावही त्याने कधी ऐकलेलं नाही, तिच्या चुकीचा भुर्दंड त्याला पडतो. आणि जे ग्राहक असतात, त्यांच्या करारांत भरपाईची कमाल मर्यादा अनेकदा भरलेल्या शुल्काच्या आसपासच असते.

क्राउडस्ट्राइकने झाल्या त्रासाबद्दल आपल्या सहयोगींना १० डॉलरचं, म्हणजे आठशे-साडेआठशे रुपयांचं, उबर ईट्सचं व्हाउचर पाठवलं. इतक्या जणांनी ते एकदम वापरायचा प्रयत्न केला की उबरच्या यंत्रणेला तो घोटाळा वाटला आणि तिने ते अडवलं. थोडक्यात, व्हाउचरही एकदम सगळ्यांना गेलं आणि तेही कोसळलं.

श्रेय द्यायचं तिथे द्यायला हवं. त्याच ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या हॅकर परिषदेत 'सर्वात मोठी फजिती' हा पुरस्कार घ्यायला क्राउडस्ट्राइकचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः स्टेजवर गेले. कंपनीने चॅनेल फाईल टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली, ग्राहकांना त्यावर नियंत्रण दिलं आणि कारणांचा सविस्तर अहवाल सार्वजनिक केला. मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा सॉफ्टवेअरला कर्नलच्या बाहेर राहून काम करता यावं, यासाठी पावलं उचलली. क्लाउडफ्लेअरचे अहवाल तर वाचण्यासारखे मोकळे असतात.

पण मोकळा अहवाल ही नंतरची गोष्ट झाली. २०१०, २०२४ आणि २०२५ मधली कारणं शेजारी ठेवून वाचली तर कंपनी बदलते, फाईलचं नाव बदलतं, वाक्य तेच राहतं: 'हा नुसता डेटा आहे' म्हणून तो थेट आत सोडला होता.

बँका, हॉस्पिटलं आणि सरकारी खाती ही सॉफ्टवेअर विकत घेताना किंमत विचारतात, फीचर विचारतात. कॉन्फिगरेशनचा बदल आमच्याकडे येण्याआधी किती मशीनवर आणि किती वेळ चालवून बघता, हेही टेंडरमध्ये विचारता येईल. आपल्यासारख्यांच्या हातात एवढंच, की पुढच्या वेळी सगळं एकदम बंद पडलं की 'हॅक झालं वाटतं' हे फॉरवर्ड करायच्या आधी क्षणभर थांबायचं. बहुतेक वेळा कुणी चोर आलेला नसतो. रोजचा दूधवालाच जिन्यावर घसरून पडलेला असतो.